परकीय पदार्थ आणि आमचें स्वयंपाकघर

पावाचा तुकडा पोटांत गेला म्हणजे मनुष्य धर्माला मुकतो, अशी समजूत ज्या ठाणें प्रांतांत एके काळीं घट्ट रुजली होती, त्याच प्रांतांत आज रविवारीं दुपारीं घरोघर नूडल्स शिजतात, केक फुगतो आणि मुलें ओट्यापाशीं घिरट्या घालितात. या दोन टोकांमध्यें काय घडलें हें पाहण्याची आपणांस फारशी संवय नाहीं. राज्यें कशीं बुडालीं हें आपण आवडीनें वाचतों. ताटांत काय आलें व कोणत्या अटीवर आलें, ही चौकशी मात्र हलकी वाटते. मला ती तशी वाटत नाहीं.

१५३४ च्या तहानें गुजराथच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि ज्या बेटावर ठाणें शहर वसलें आहे तें साष्टीहि तिच्याबरोबर गेलें. मराठ्यांनीं १७३७ त ठाणें घेतलें व १७३९ त वसई. मधल्या दोन शतकांचें देणें आपल्या जिभेवर अजून आहे. पाव, बटाटा, कोबी, काजू हे सारे शब्द पोर्तुगीजांचे. त्यांतील बटाटा उपासालासुद्धां चालूं लागला. पाव मात्र उंबऱ्याबाहेर अडला. याचें कारण उघड आहे. बटाटा जमिनींतून येतो आणि आपण तो आपल्या हातानें शिजवितों. पाव येतो तो परक्या माणसाच्या हातून, शिजलेला. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या गोष्टी वसईच्या बाजूस सांगतात. त्यांत खरें किती हें ठरविणें कठीण. पण त्यांमागची भीति खरी होती यांत शंका नाहीं. सुधारकांनीं नेमकी हीच गांठ हेरली. १८४९ त मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसानें केलेला पाव खाऊन दाखवावा लागे. पुढें १८९० त पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, तेव्हां केवढें वादळ उठलें व रानडे-टिळकांसारख्यांसहि प्रायश्चित्ताच्या वादांत कसें सांपडावें लागलें, हें वाचकांस ठाऊक आहेच.

दरम्यान १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली. या गांवांतला पुरुष मुंबईंत मिळवूं लागला आणि मुंबईंत खाऊंहि लागला. इराण्याच्या दुकानांत त्यानें काय खाल्लें याची घरीं वाच्यता होत नसे, इतकेंच! घरांत तसले पदार्थ करावयाचे म्हटले तर भट्टी कोठें होती? चूल, शेगडी, पुढें स्टोव्ह; भाजणें म्हणजे तव्यावर किंवा निखाऱ्यावर. यावर आपल्या गृहिणींनीं काढलेली तोड मला फार अर्थपूर्ण वाटते. दिवाळीच्या आधीं मैदा, साखर व तूप डब्यांत भरून बेकरीवर न्यावयाचें, आणि आपल्या देखत नानखटाई भाजून घ्यावयाची. भट्टी परक्याची, तूप मात्र घरचें आणि नजरहि घरची. नानखटाई या नांवांतील ‘खताई’ म्हणजे खता देशची, अर्थात् चीनची, असा अर्थ लावितात. तो खरा असेल तर चीन आमच्या फराळांत फार पूर्वींच येऊन बसला होता. पुढें १९५९ च्या सुमारास देशांत प्रेशर कुकर होऊं लागले, आणि कुकराची शिटी व रबर काढून, तळाशीं वाळू पसरून तींत केक भाजण्याची युक्ति घरोघर गेली. मग बेकरीपर्यंत जाण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

इंग्रजी पदार्थांपैकीं आमच्या घरांत सर्वांत निर्विघ्नपणें शिरलें तें कस्टर्ड. त्याचें मूळ बर्मिंगहॅममधील एका घरांत आहे. आल्फ्रेड बर्ड या औषधें विकणाऱ्या गृहस्थाच्या पत्नीस अंडें सोसत नसे. म्हणून १८३७ त त्यानें मक्याच्या पिठाचें बिनअंड्याचें कस्टर्ड काढलें. एका इंग्रज बाईच्या पथ्यानें नौपाड्यांतील आणि डोंबिवलींतील शाकाहारी घरांची अडचण अशी कितीतरी आधींच सुटून राहिली होती! आणि आम्हीं त्याचें केलें काय? केळीं, द्राक्षें, डाळिंबाचे दाणे घालून त्याचें ‘फ्रूट सॅलड’ केलें व तें पुरीबरोबर वाढलें. इंग्रजाला हें पाहून चक्कर येईल. परंतु ज्या जागीं शिकरण किंवा बासुंदी बसत असे, त्याच जागीं कस्टर्ड बसलें, इतकाच त्याचा अर्थ. पुडिंगाचेंहि तसेंच. जिलेटिन हाडाकातड्यांचें असतें हें कळतांच आम्हीं चायना ग्रास उचललें. तें गवत नव्हे, समुद्रांतील शेवाळ. आणि तें वाळवून ठेवण्याची युक्ति जपानची. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें हजार पाकक्रियांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० त निघालें, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० त. पण असले परके पदार्थ घरांत आले ते, माझ्या समजुतीप्रमाणें, छापील पानांपेक्षां शेजारणीच्या वहींतूनच अधिक.

चिनी पदार्थांची हकीकत याहून निराळी आहे. १९७५ त मुंबईंतील क्रिकेट क्लबांत नेल्सन वांग या कलकत्त्यांत जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानें आलें, लसूण, हिरवी मिरची यांवर आपल्याकडील मसाल्याऐवजीं सोया सॉस व मक्याचें पीठ घालून ‘मांचूरियन’ केलें, असें सांगतात. खुद्द चीनमध्यें हा पदार्थ नाहीं. डोंबिवलीच्या गृहिणीनें त्यांतील कोंबडी काढली आणि कोबीचे मुटके घातले. कोबी हा शब्द पोर्तुगीज, मक्याचें पीठ कस्टर्डाच्या डब्यांतलेंच, आणि मुटक्यांवर बसणारा हात वड्या-कोफ्त्यांचा! ‘शेजवान’ म्हणून जी लाल चटणी आपण बाटलींतून आणतों तिची गंमत तर विचारूंच नये. सेचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जीभ बधिर करणारें एक बारीक फळ. तें कोंकणांतील तिरफळाच्याच कुळींतलें. बाटलींतल्या चटणींत तें बहुधा नसतेंच. म्हणजे बांगड्याच्या आमटींत तिरफळें टाकणारी ठाण्याची कोंकणी बाई त्या प्रांताच्या रुचीला बाटलीपेक्षां अधिक जवळ आहे.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट मात्र बदललेली नाहीं. स्टेशनबाहेरच्या गाडीवर कढई खणखणूं लागली कीं आई मुलाचा हात ओढते: “बाहेरचें नको, घरीं करूं.” तेल कसलें असेल, अजिनोमोटो किती घातलें असेल, ही तिची शंका वाजवी आहे, साडेसहाच्या लोकलनें दमून आल्यावरहि ती कोबी किसावयास बसते, हें तिचें कौतुकच. पण ‘बाटणें’ जाऊन ‘बाधणें’ आलें तरी अट जुनीच राहिली: पदार्थ परका चालेल, हात आपला हवा. आणि तो हात ज्याचा होता त्याचें काय झालें? १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या कित्येक हजार लोकांस, त्यांतील पुष्कळ येथेंच जन्मलेले असतांहि, राजस्थानांत देवळीच्या छावणींत नेऊन ठेविलें. कांहींचीं तेथें वर्षें गेलीं. माझगांव व कामाठीपुऱ्याच्या बाजूची मुंबईंतील त्यांची वस्ती विरळ झाली. त्यानंतर पुरतीं पंधरा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं तोंच मांचूरियन निघालें, आणि आम्हीं तें मिटक्या मारीत आपलेंसें केलें. या दोन गोष्टी एकाच पिढीनें पाहिल्या. त्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे असें तींतील फार थोड्यांच्या मनांत आलें असावें.

माझगांवांत या लोकांचें १९१९ सालचें एक लहानसें देवालय अजून उभें आहे. नव्या चिनी वर्षाच्या दिवशीं तेथें दिवे लागतात. डोंबिवलीहून निघालेल्या माणसानें भायखळ्यास उतरावें. तेथून पायीं जातां येतें.