मायटर सॉला डस्ट एक्स्ट्रॅक्शन कसं जोडायचं? नळी, व्हॅक्यूम, डस्ट कलेक्टर आणि मागचा हूड

सुतारकामाच्या मशीनमध्ये भुसा आवरायला सगळ्यात अवघड कुठलं, असं मला कोणी विचारलं तर मी मायटर सॉचं नाव घेईन. टेबल सॉचं बरंचसं पातं टेबलाखाली पेटीत बंद असतं, प्लेनरवर झाकण असतं. मायटर सॉचं पातं मात्र उघड्यावर फिरतं, वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं आणि स्लायडिंग मॉडेल असेल तर पुढे-मागेही सरकतं. एवढ्या हालचाली करणाऱ्या वस्तूच्या मागे एकच नळी लावायची आणि सगळी धूळ पकडायची, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

'चार इंची डस्ट कलेक्टर घेतला, रिड्यूसर लावून सॉला जोडला, तरी मागची भिंत पांढरी होतेच' ही तक्रार मी खूप ऐकतो. डस्ट कलेक्टर बहुतेक वेळा चांगलाच असतो. चूक जोडणीत असते.

धूळ जाते कुठे?

१० इंची पातं मिनिटाला ५००० फेरे फिरत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण ६६ मीटर होतो, म्हणजे ताशी जवळपास २४० किलोमीटर. लाकडातून बाहेर पडताना दातांची दिशा मागे, भिंतीकडे असते. त्यामुळे जाड भुसा गोफणीतून सुटल्यासारखा मागे फेकला जातो. पात्याच्या मागे जो रबरी पडदा आणि पोर्ट असतो, त्याच्या तोंडात जेवढा भुसा नेमका जाऊन पडतो तेवढाच सापडतो. बाकीचा फेन्सच्या दोन्ही बाजूंनी, टेबलाच्या फटीतून खाली आणि पातं वर येताना थोडा तुमच्या तोंडावरही येतो.

जाड भुसा झाडून काढता येतो, त्याचं मला फार वाटत नाही. प्रश्न आहे तो न दिसणाऱ्या बारीक धुळीचा. ती तासन् तास हवेत तरंगते आणि थेट फुफ्फुसात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यातही नाक आणि सायनसचा कॅन्सर मुख्य. एमडीएफ आणि बऱ्याच प्लायवुडच्या गोंदात असणारं फॉर्मल्डिहाइडही २००४ मध्ये त्याच गटात गेलं. युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा जानेवारी २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे, आठ तासांच्या सरासरीने. आपल्या १० बाय १० च्या, १० फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे हिशोब झाला ५६ मिलिग्रॅमचा. चिमूटभर मीठसुद्धा याहून जास्त भरेल.

व्हॅक्यूम आणि डस्ट कलेक्टर एक नव्हेत

सगळी गल्लत इथे होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर थोडी हवा ओढतो, पण जोरात ओढतो. त्याचा दाब १५ ते २० किलोपास्कलच्या घरात असतो. म्हणजे नळी पाण्यात बुडवली तर तो पाणी दीड-दोन मीटर वर चढवू शकेल. डस्ट कलेक्टरचा पंखा याच्या उलट. तो कितीतरी पट जास्त हवा हलवतो, पण त्याचा दाब जेमतेम दोन-अडीच किलोपास्कल. मोठा रस्ता दिला तर तो गाडाभर माल नेईल, बोळात घातला की अडकून बसेल.

बहुतेक मायटर सॉचा पोर्ट ३५ ते ४० मिमीचा असतो. १०० मिमीच्या पाइपचं क्षेत्रफळ ३६ मिमीच्या भोकाच्या जवळजवळ आठ पट असतं. रिड्यूसर लावून डस्ट कलेक्टरला या भोकातून श्वास घ्यायला लावलं, की दोन गोष्टी बिघडतात. पोर्टवर हवा कमी पडते, हे उघडच आहे. दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. भुसा पाइपमधून वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. छोट्या भोकातून आलेली तुटपुंजी हवा चार इंची पाइपमध्ये पोचली की तिचा वेग सातआठ मीटरवर किंवा त्याखाली येतो. मग भुसा पाइपच्या तळाशी बसत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाइप अर्धा भरलेला सापडतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. सॉच्या पोर्टला व्हॅक्यूम लावा, आणि डस्ट कलेक्टर असेल तर त्याला मागच्या हूडचं काम द्या. दोन्ही घ्यायची ऐपत किंवा जागा नसेल तर आधी व्हॅक्यूम घ्या. साइटवर, फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यांना तर तोच सोयीचा.

पोर्टची जोडणी

मशीनसोबत आलेली कापडी पिशवी आधी काढून टाका. ती भरेल तशी हवा अडवते आणि विणीतून बारीक धूळ बाहेर सोडते. मग व्हर्नियरने पोर्टचा आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास मोजा. '३५ चा होज द्या' म्हणून दुकानात गेलात तर कोणी आतला माप धरतं, कोणी बाहेरचा. पायऱ्यांचा रबरी अडॅप्टर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुन्या मोटारसायकल ट्यूबचा तुकडा दोन्ही तोंडांवर ओढून वर होज क्लॅम्प आवळा. मशीन हलतं तिथे हा जोड कडक अडॅप्टरपेक्षाही बरा टिकतो. नुसती चिकटपट्टी मात्र नको, भुशाने तिचा गोंद सुटतो.

होज सॉच्या डोक्यासोबत हलणार आहे, हे विसरू नका. तो जमिनीवरून ओढत आणला तर डोक्याला मागे खेचतो आणि काप वाकडा येतो. वरून, छताला किंवा भिंतीतल्या हुकाला इलॅस्टिक दोरीने टांगा. मग प्लग काढून ठेवून सगळ्या हालचाली करून बघा: दोन्हीकडे ४५ अंश, तिरपा काप, आणि स्लायडिंग असेल तर पूर्ण मागेपर्यंत. होज भिंतीत चेपत नाही आणि पात्याच्या वाटेत येत नाही ना, हे बघणं महत्त्वाचं. अधूनमधून पोर्टच्या वळणात बोट घालून बघा (प्लग काढूनच!). लाकडाची लांब ढलपी तिथे आडवी बसते आणि तिच्यामागे सगळा भुसा साचतो.

व्हॅक्यूमच्या आधी झाकणाची बादली आणि छोटा सायक्लोन लावला तर बहुतेक भुसा बादलीतच पडतो, फिल्टर लवकर तुंबत नाही. पातळ बादली मात्र घेऊ नका. होज तुंबला की ती आत चेपते, आणि आवाज असा येतो की शेजारचा माणूस धावत यावा.

मागचा हूड

पणती फुंकर मारून हातभर अंतरावरून विझवता येते. आता श्वास आत ओढून विझवून बघा. तोंड अगदी ज्योतीला लावावं लागेल. पाइपचंही तसंच. तोंडापासून पाइपच्या एका व्यासाइतकं लांब गेलं, की हवेचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. चार इंची पाइप भिंतीवर उघडा ठेवून तो दोन फुटांवरची धूळ ओढेल ही आशा सोडून द्या.

हूडचं काम ओढण्याआधी अडवण्याचं आहे. सॉच्या मागे आणि दोन्ही बाजूंना प्लायवुडची पेटी उभी करा, पात्याच्या वळण्याइतकीच रुंद, शक्य तितकी जवळ. तळ उतरता ठेवा आणि पाइप खालच्या टोकाला घ्या. फेकलेला जाड भुसा मागच्या भिंतीला आपटून उतारावरून पाइपकडे येतो. बारीक धुळीचा हिशोब वेगळा. पेटीचं तोंड ६० बाय ४५ सेंटिमीटर असेल आणि डस्ट कलेक्टर चार इंची पाइपमधून ३५० सीएफएम हवा ओढत असेल, तर तोंडाशी वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर मिळतो. मंद झुळूकच, पण तरंगत्या धुळीला आत न्यायला ती पुरते. तोंड दुप्पट केलंत तर झुळूक निम्मी होते. म्हणून मोठा हूड म्हणजे चांगला हूड, असं नाही.

पाइप लहान ठेवा. एका ९० अंशाच्या एल्बोऐवजी ४५ चे दोन घ्या, टीऐवजी वाय घ्या. आपल्याकडे ११० मिमीचे ड्रेनेजचे पीव्हीसी पाइप सहज मिळतात आणि छोट्या वर्कशॉपला चालतात, फक्त १०० मिमीचा लवचीक होज त्यावर थेट बसत नाही, मध्ये अडॅप्टर लागतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पाइपवर स्टॅटिक जमून हाताला चटका बसतो. पात्याजवळ हात दचकणं परवडत नाही, त्यामुळे होजमधल्या तारेला अर्थिंग द्या.

डस्ट कलेक्टरची पिशवी ३० मायक्रॉनची असेल तर तो जाड भुसा गोळा करून घातक धूळ खोलीभर फवारतो. बारीक फिल्टर बसवा, किंवा मशीनच बाहेर ठेवा. शेजारी पापड वाळत घातलेले नाहीत एवढं बघून.

अ‍ॅल्युमिनियम कापत असाल तर

बऱ्याच ठिकाणी सकाळी प्लायवुड आणि दुपारी खिडक्यांचे अ‍ॅल्युमिनियम सेक्शन एकाच सॉवर, पातं बदलून कापले जातात. अशा वेळी भुशाच्या व्हॅक्यूमची नळी काढा. गरम धातूचा किस कोरड्या भुशात पडतो, वर भात्यासारखी हवा चालूच असते. लोखंड कापायच्या चॉप सॉच्या ठिणग्या तर कधीच या पाइपमध्ये जाऊ देऊ नका. भुसा पेट न घेता आतल्या आत तासन् तास धुमसू शकतो, आणि शटर ओढून सगळे घरी गेल्यावर भडकतो. संध्याकाळी बादली बाहेर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करा, तेव्हा एन९५ मास्क लावा.

विजेचं थोडक्यात: १८०० वॉटचा सॉ सुमारे ८ अँपिअर घेतो, १४०० वॉटचा व्हॅक्यूम ६. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही, आणि १६ च्या एकाच सॉकेटवर दोन्ही सुरू झाले तर सुरुवातीच्या झटक्यात एमसीबी पडू शकते. दोन वेगळे सॉकेट घ्या. टूल सुरू झालं की आपोआप सुरू होणारा व्हॅक्यूम असेल तर त्याच्या सॉकेटवर लिहिलेली वॉटची मर्यादा वाचा. साधा असेल तर काप संपल्यावर पाचदहा सेकंद चालू राहू द्या, नळीतला भुसा निघून जातो.

जोडणी झाली की अंधार पडल्यावर एक परीक्षा घ्या. कापण्यापुरता नेहमीचा उजेड असू द्या. चारपाच काप मारा, पातं पूर्ण थांबलं की दिवे मालवून टॉर्चचा झोत सॉच्या वर आडवा धरा आणि समोरून बघा. दिवसा न दिसणारी धूळ त्या झोतात तरंगताना दिसेल. ती हूडकडे सरकत असेल तर काम झालं. तुमच्याकडे येत असेल तर आधी पंखा बंद करा, मग हूडचं तोंड लहान करा.