मिस्तर ते संगणकीय चौकट : अक्षराच्या मापाचा इतिहास

आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तरी सीमेच्या अलीकडे मराठी कुटुंबे राहिलीच. अशा प्रदेशात हस्ताक्षराचा कित्ता तयार करणाऱ्या शिक्षकापुढे एक जुना प्रश्न उभा राहतो : रेघा कशाच्या मापाने आखायच्या? ‘कित्ता’ हा शब्दच मुळात अरबी ‘कितआ’वरून मराठीत आला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, म्हणून तिचा आधार वर असतो. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वरच्या बाजूने सुरू होऊन तिरका खाली उतरतो व तळरेषेवर टेकतो. त्यामुळे बाजारातील दुरेघी वही मराठीला चालते, पण उर्दूचा तिरपा उतार तिच्यात मावत नाही. मूल अक्षरे दाबून बसवते आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो.

जुन्या कातिबांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. पुठ्ठ्यावर ठरावीक अंतराने दोरे ताणून बसवलेल्या साधनास ‘मिस्तर’ म्हणत. त्यावर कागद ठेवून बोटाने घासला की शाईशिवाय रेघा उमटत. पुस्तकाचा आकार बदलला की मिस्तरही नवा बांधावा लागे. अक्षराचे माप मात्र लेखणीतून येई. बगदादचे वजीर इब्न मुकला (मृत्यू इ.स. ९४०) यांच्या नावाशी जोडलेल्या पद्धतीत लेखणीच्या टोकाने काढलेला चौकोनी नुक्ता हे एकक मानले जाते. नस्तालीकमध्ये अलिफची उंची साधारणतः तीन नुक्ते धरतात.

पुढे शिळाछापामुळे कातिबाचे हस्ताक्षर थेट छापता येऊ लागले आणि उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ तशीच निघाली. मिर्झा अहमद जमील यांनी लिहिलेल्या हजारो जोडाकृतींवर आधारलेली ‘नूरी नस्तालीक’ १९८१ च्या सुमारास वापरात आली. १९९० च्या दशकात ‘इनपेज’ने ती सामान्य संगणकावर आणली. कातिबाचे काम ओसरले, त्याबरोबर मिस्तरही विस्मरणात गेला.

‘फोटोशॉप’ची पहिली आवृत्ती १९९० मध्ये निघाली. अशा प्रणालीत पडद्यावर चौकट दाखवण्याची सोय असते. रेघांतील अंतरही बदलता येते. पण ती चौकट फक्त मार्गदर्शनापुरती असते, ती छापली जात नाही. छापील कित्त्यासाठी नमुना स्वतः घडवावा लागतो. समजा, लेखणीचे टोक ३ मिलिमीटर रुंद आहे. इंचास ३०० बिंदू या घनतेने हे अंतर सुमारे ३५ बिंदूंचे होते. म्हणून ३५ × ३५ बिंदूंचे पारदर्शक चित्र घ्यावे आणि त्याच्या वरच्या व डाव्या कडेला एक-एक बारीक रेघ ओढावी. चारही कडांना ओढल्यास शेजारच्या घरांच्या रेघा एकमेकींना लागून दुप्पट जाड दिसतात. हे चित्र ‘डिफाइन पॅटर्न’ने साठवून २४८० × ३५०८ बिंदूंच्या, म्हणजे ए-४ आकाराच्या पानावर भरले की चौकट तयार होते. उर्दूसाठी तळरेषा आणि तिच्यावर तीन घरांवरची अलिफची रेघ गडद करावी; मराठीसाठी शिरोरेषा. ‘गिंप’ या मोफत प्रणालीतही असाच नमुना करता येतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. तिचा कित्ता करणाऱ्यालाही आधी अक्षर मोजावे लागेल आणि मग चौकट आखावी लागेल. संगणकाने दिलेली तयार चौकट कोणत्याच लिपीसाठी बनवलेली नसते. मिस्तर बांधणाऱ्याने ही मोजणी हाताने केली. आज ती शिक्षकाने केली, तर तिरप्या लिपीत लिहिणाऱ्या मुलाला स्वतःच्या हाताला दोष देण्याचे कारण उरणार नाही.