किटीबाईंचा बंब आणि शहराची घरं

पाणी, गटार, घरकुल यांवर आपण बैठकीत नेहमी बोलतो. हीच भांडणं दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातही झाली. आज आम्ही तुम्हाला ती हकिकत सांगणार आहोत.

लिव्हरपूल मोठं बंदर. कामासाठी माणसं येत राहिली, घरं मात्र पुरेनात. हजारो माणसं तळघरांत राहायची. उजेड नाही, वारा नाही, भिंतींना कायम ओल. बाकीच्यांची घरं चिंचोळ्या अंगणाभोवती दाटीनं बांधलेली, संडास सगळ्यांत मिळून एक-दोनच. १८४२ च्या एका सरकारी अहवालात नोंद आहे की तिथल्या मजूर कुटुंबांत मरणाचं सरासरी वय १५ वर्षं होतं आणि सुखवस्तू घरांत ३५. याचा अर्थ सगळे मजूर पंधराव्या वर्षी मरत होते असा नाही. तान्ही लेकरं इतकी दगावत होती की सरासरीच खाली यायची.

१८३२ साली तिथे कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन नावाच्या कष्टकरी बाईंच्या घरी पाणी तापवायचा मोठा बंब होता. आजाऱ्यांचे कपडे, अंथरुणं धुवायला त्यांनी तो शेजारणींना खुला केला. घरटी आठवड्याला एक पेनी घेतली. रोग कशानं पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हतं. दुर्गंधीनं होतो असाच समज होता. पण उकळत्या पाण्यात धुतलेलं अंथरूण बरं, एवढं या बायांनी ओळखलं. पुढे १८४२ मध्ये शहरानं सार्वजनिक धुलाईघर उघडलं आणि नंतर त्याचा कारभार किटीबाई आणि त्यांच्या नवऱ्याकडे दिला.

१८४७ मध्ये लिव्हरपूलनं डॉ. विल्यम डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमलं. ब्रिटनमधल्या शहरांत हे पद प्रथमच निर्माण झालं. सोबत जेम्स न्यूलँड्स हे अभियंता आले आणि त्यांनी जमिनीखालून गटारं टाकायला सुरुवात केली. डंकन यांनी राहायला अयोग्य तळघरं बंद करायला लावली.

पण तळघरातून निघालेल्यांनी जायचं कुठे? त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून लाखो माणसं या बंदरात उतरली होती. लोक शेजारच्या खोल्यांत कोंबून राहू लागले. दाटी फक्त जागा बदलत राहिली. नगरपालिकेनं स्वतः भाड्याची घरं बांधली ती १८६९ मध्ये, सेंट मार्टिन्स कॉटेजेस या नावानं. तोवर डंकन वारले होते. आणि त्या घरांचं भाडंही सगळ्यात गरिबांना परवडत नव्हतं.

सख्यांनो, आम्हाला यातून एवढंच दिसतं, की नुसत्या नोटिशीनं रोग हटत नाही. पाणी, गटार आणि परवडेल असं घर, तिन्ही लागतात. नाहीतर घाण या वस्तीतून त्या वस्तीत जाते आणि तिचा भार पुन्हा बाईच्याच डोक्यावर येतो.

किटीबाईंना मत द्यायचाही हक्क नव्हता. आपल्याला मत आहे, ग्रामसभेत जागा आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत घरकुलांचा विषय निघाला, की यादीत नाव कुणाचं एवढंच विचारून थांबू नका. त्या घराला नळ कुठून येणार, मोरीचं पाणी कुठे जाणार आणि घर बांधून होईपर्यंत ते कुटुंब राहणार कुठे, हेही विचारा. उत्तर वहीत लिहून घ्या.