देशाटनापूर्वीचा इजिप्त

देशाटनाने चातुर्य येते, हे आपल्या कानांवर शाळेपासून पडत आलेले आहे. देशाटनाला निघण्यापूर्वी घरबसल्या एखाद्या देशाच्या किती जवळ जाता येते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करणारा फ्रेंच पंडित जाँ-फ्रान्स्वा शांपोलियाँ (१७९०–१८३२) याचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लिपीचा उलगडा त्याने १८२२ साली पॅरिसमध्ये केला. इजिप्तच्या भूमीवर त्याचे पाऊल पडले ते ऑगस्ट १८२८ मध्ये.

नेपोलियनने १७९८ साली इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा सैन्याबरोबर विद्वान आणि चित्रकारही नेले होते. १७९९ मध्ये सापडलेला रोझेटाचा शिलालेख पुढे इंग्रजांच्या ताब्यात जाऊन लंडनला पोहोचला. फ्रान्सच्या वाट्याला आल्या त्या त्याच्या नकला. शांपोलियाँचे काम अशा नकलांवरच चालले. त्याची खरी तयारी मात्र भाषेची होती. इजिप्तमधील ख्रिस्ती समाजाच्या धर्मविधींत टिकून राहिलेली कॉप्टिक भाषा ही प्राचीन इजिप्शियन भाषेची वंशज आहे, हे ओळखून त्याने तिचा ध्यास घेतला. आपण स्वतःशीही कॉप्टिकमध्ये बोलतो, असे त्याने ऐन तारुण्यात भावाला कळवले होते.

या व्यासंगाचे फळ १८२२ च्या सप्टेंबरात मिळाले. अबू सिंबेल येथील कोरीव लेखांच्या नकलांत लंबगोल चौकटीतले एक राजनाम त्याच्यासमोर आले. पहिले चिन्ह सूर्यबिंबाचे. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात. शेवटच्या दोन चिन्हांचा उच्चार ‘स’ हे त्याला आधीच उमगले होते. मधल्या चिन्हाचा माग लागताच ‘रामसेस’ हे नाव उभे राहिले. तीच मंदिरे प्रत्यक्ष पाहून आलेले प्रवासी कितीतरी होते. त्यांपैकी कोणालाही हे नाव वाचता आले नव्हते.

परंतु घरच्या अभ्यासाला एक धोका असतो. तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबलेला असतो. देंदेरा येथील मंदिराच्या छतावरील राशिचक्र हजारो वर्षांपूर्वीचे असल्याचा दावा त्या काळी हिरिरीने मांडला जात होता. नेपोलियनच्या विद्वानांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रात त्या राशिचक्राशेजारच्या चौकटीत काही अक्षरे होती. शांपोलियाँने ती ‘ऑटोक्रेटर’, म्हणजे सम्राट, अशी वाचली आणि हे काम रोमन अमदानीतले ठरवले. वाचन बिनचूक होते. नोव्हेंबर १८२८ मध्ये तो देंदेराला पोहोचला, तेव्हा मात्र ती चौकट रिकामी निघाली! आपल्या हातून अक्षरे उतरवायची राहिली अशा समजुतीने चित्रकारांनीच ती घातली, असे त्याने पत्रात लिहिले. मंदिर ग्रीक-रोमन काळातले आहे हा ढोबळ निष्कर्ष टिकला. त्याचा हा आधार मात्र निखळला.

पुढे १ जानेवारी १८२९ रोजी वादी हल्फाहून त्याने पॅरिसला कळवले की, आपल्या वर्णमालेत काहीही बदलण्याचे कारण नाही. ही दोन्ही पत्रे एकत्र वाचली पाहिजेत. ग्रंथालयात बसून कमावलेली लिपी प्रत्यक्षाच्या कसोटीला उतरली. दुसऱ्याच्या चित्रावर विसंबून उभा केलेला पुरावा उतरला नाही.

आणि तरीही, तो पुरावा खोटा आहे हे कळले कोणाला? ती रिकामी चौकट चित्रकारांनी समोर बसून पाहिली होती. तिच्या रिकामेपणाला काही अर्थ असू शकतो, हे त्यांना जाणवले नाही, कारण त्यांना लिपी येत नव्हती. शांपोलियाँला ती येत होती, म्हणून कोरी जागाही त्याला दिसली. प्रवासापूर्वीच्या अभ्यासाने परदेश आधीच कळून जातो, असे नाही; आपले कळणे कोठे चुकले, हे तेथे गेल्यावर ओळखण्याची पात्रता मात्र त्यातून येते.

शांपोलियाँला इजिप्तमध्ये जेमतेम सव्वा वर्ष लाभले. परतल्यावर तो फार काळ जगला नाही. त्याचे इजिप्शियन व्याकरण १८३६ पासून, त्याच्या मृत्यूनंतर, भावाने प्रसिद्ध केले.