मातीचा बैल आणि मिरगाचं साल

पोळा जवळ आला की माकणीच्या बाजारात मातीच्या बैलजोड्या मांडल्या जातात. वीतभरही नसतात. अंगाला गेरू किंवा चुना, शिंगांना रंग, पाठीवर झूल म्हणून दोन-चार रेघा. मडकं चाकावर होतं, बैल मात्र हातानेच वळावा लागतो. बोटांनी पाय ओढायचे, चिमटीने वशिंड काढायचं, सावलीत वाळवायचा आणि मडक्यांसोबत आव्यात भाजायचा. कुंभारमामा एवढं काम अर्ध्या गप्पांत उरकतात.

ज्याच्या दावणीला बैल नाही तो ही जोडी घरी नेतो. आमच्या घरीही ती यायची. त्यावरून हल्ली आमच्यातली काही तरुण मुलं मला विचारतात, "चाचा, हे आपलं आहे का? घरात मूर्ती कशी ठेवायची?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

हा बैल नेमका कशाचा आहे, ते आधी बघू. पोळा श्रावणातल्या अमावस्येला येतो. मिरगात पेरणी झालेली असते, कोळपणी संपत आलेली असते, बैलांचे खांदे सुजलेले असतात. आदल्या दिवशी खांदेमळणी करून त्यांना तूप-हळद लावतात, पोळ्याला कामाला जुंपत नाहीत. म्हणजे बाजारातला तो मातीचा बैल कुणा एका जनावराची नक्कल नाही. तो अख्खा पावसाळा आहे. माती भिजली, पेरलं, उगवलं, आता दोन दिवस दम घ्या, असं तो सांगतो.

हा प्रकार किती जुना असावा? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. अन्सारीसाहेबांचं नाव आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. एका घराच्या जमिनीखाली त्यांना मातीची एक पेटी सापडली. आत एक स्त्री-प्रतिमा, आणि सोबत दुसरी बिनडोक्याची प्रतिमा व एक बैल. त्या प्रतिमेच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोकं होती. मधे काडी घातली की ती बैलावर बसायची. तीन हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट. आणि हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं! पाण्यात टाकलं असतं तर विरघळून गेलं असतं. पेटीत जपून पुरलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

भाजलेली माती पाहायची तर लांब जायला नको. माकणीला ज्या तेरणेवर धरण आहे, तीच नदी वरच्या अंगाला तेरवरून येते. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे, इथलं कापड भडोचच्या बंदरात जायचं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. एकदा जाऊन याच. काचेपलीकडचं ते काम बघताना मला कुंभारमामांची बोटं आठवतात.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. आपला हिजरी महिना चंद्रावर चालतो. वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे दर वर्षी सण सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. इबादतीसाठी हे उत्तमच आहे, रोजा उन्हाळ्यातही येतो, हिवाळ्यातही. पण शेतसारा? पीक काही मोहरमला विचारून पिकत नाही. दख्खनच्या मुसलमान राज्यकर्त्यांना ही अडचण लवकर कळली. मुहम्मद तुघलकाच्या काळात, इ.स. १३४४ च्या सुमाराला इथे शुहूर सन सुरू झाला असं मानतात. आकडा हिजरीचा घेतला, ७४५. वर्ष मात्र सूर्याचं केलं, आणि त्याची सुरुवात सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी. लोकांनी त्याला सरळ मृगसाल म्हटलं. पुढे आदिलशाही, निजामशाही, शिवशाही, पेशवाई, सगळ्यांच्या मोडी कागदांत हा सन आहे, तोही अरबी आकड्यांत. 'समान सबैन अलफ' म्हणजे आठ, सत्तर, हजार. १०७८ झाले. त्यात ५९९ मिळवा, इ.स. १६७७-७८ येतं. अरबी आकडे, मोडी अक्षरं आणि मिरगाचा पाऊस एकाच ओळीत!

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या महसुलाचा फसली सनही असाच, पिकाच्या हिशेबाचा. फसल म्हणजे पीक. माझे दादा पाच वेळचे नमाजी. रोजे चंद्र बघून धरायचे आणि तूर मिरगात पेरायचे. दोन कॅलेंडरं डोक्यात होती, भांडण एकाचंही नव्हतं. मातीची जोडी ते कोनाड्यात ठेवू द्यायचे. पूजा आमच्यात होत नव्हती, आम्ही पोरं तिला दोरा बांधून अंगणभर ओढायचो. मूर्तीचा मुद्दा काढणाऱ्यांना दादी हजरत आयेशांच्या खेळण्यांची आठवण द्यायची. त्यात पंखांचा घोडा होता, ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांनी ठेवू नये, त्यावर माझा आग्रह नाही. पण 'आपलं नाही' हे म्हणणं मला पटत नाही. ज्या पावसाळ्याचा हा बैल आहे, त्यावर आपल्या पूर्वजांनी सरकारी साल उभं केलं होतं.

बैल आता कमी झालेत. पेरणी ट्रॅक्टरने होते, वर्षभराचा कडबा परवडत नाही. त्यामुळे मातीची जोडी नेणारी घरं वाढली, असं कुंभारमामा सांगतात. तेवढा त्यांचा धंदा बरा चाललाय.

२०११ साली पोळा आणि रमजान ईद दोन-तीन दिवसांच्या अंतराने आले होते. पोळा अमावस्येचा, ईद त्यानंतरच्या चंद्राची. घरात एका बाजूला शिरखुर्म्याची तयारी, कोनाड्यात ताजी रंगवलेली जोडी. असा योग आता २०४० नंतरच येईल.