गारपीट आणि ‘नाबूद’

बर्फाच्या वादळात घरात अडकून पडणे ही काश्मीरची गोष्ट. आमच्या पुलगावात फाल्गुनात गारा पडतात. पंधरा-वीस मिनिटे टिनाच्या छपरावर असा मारा होतो की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही. उर्दूच्या तासाला ‘बर्फबारी’ समजावायला फळ्यावर चित्र काढावे लागते. ‘ओले’ म्हटले की मुले आपणहून सांगू लागतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात ठिकठिकाणी गारांनी शिवारे पांढरी झाली. लोक दार उघडून बाहेर आले तेव्हा काढणीला आलेला गहू, हरभरा आडवा पडला होता.

इतिहासाच्या पुस्तकात बर्फ सापडतो, पण बादशहाच्या पाण्यात. दरबार लाहोरला असताना पहाडातून नावेने, गाडीने आणि माणसांच्या खांद्यावरून बर्फ कसा आणत, हे अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त लिहिले आहे. (त्याच ग्रंथात आपले पवनार वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून येते.) शेतकऱ्याच्या वाट्याच्या आफतीची नोंद मात्र महसुलात शोधावी लागते. अकबराच्या जब्ती पद्धतीत जमीन मोजताना बुडालेल्या पिकाचे क्षेत्र ‘नाबूद’ म्हणून वेगळे दाखवत. फारसीत त्याचा अर्थ ‘नसलेले’. मराठीतल्या ‘नेस्तनाबूत’मध्ये हाच शब्द बसला आहे. ‘पंचनामा’तला पंच इथला, नामा फारसी.

पुढे १६६५ च्या सुमारास औरंगजेबाने रसिकदास या अधिकाऱ्याला फर्मान पाठवले. औरंगजेबाचे नाव आले की हल्ली चर्चा भलतीकडे जाते. इथे विषय शेतसाऱ्याचा आहे. फर्मानात म्हटले होते की पिकावर आफत आली तर उभे पीक नीट तपासा आणि सूट घाऊक देऊ नका. घाऊक सूट, म्हणजे ‘सरबस्ता’, चौधरी, कानूनगो, मुकद्दम आणि पटवारी यांच्या हाती पडते, ते ती मर्जीने वाटतात, आणि रयतेचा हक्क बुडतो. हेतू फक्त दयेचा नव्हता. रयत गाव सोडून गेली तर खजिना भरणार कोण? आणि हुकूम निघाला म्हणजे तो गावोगाव पाळला गेला असेही नाही. पण दुखणे कुठे आहे ते लिहिणाऱ्याला कळले होते.

गारपिटीत तर ते जास्तच खरे. गारांचा पट्टा अरुंद असतो. एकाचे शेत भुईसपाट, आणि धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा गहू उभा. म्हणूनच २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ही ‘स्थानिक आपत्ती’ धरली गेली: ७२ तासांत कळवा, तुमच्या शेताची वेगळी पाहणी होईल. कंपनीचा माणूस वेळेवर न येण्याच्या तक्रारी खूप झाल्या, पण हिशेब शेतागणिक होता. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने ही तरतूद वगळली. आता विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर ठरते. सरकारी मदतीचे पंचनामे वेगळे, ते होतात. विम्याच्या हिशेबात मात्र प्रयोगासाठी निवडलेले प्लॉट गारांच्या पट्ट्याबाहेर निघाले, तर सरासरी चांगली येईल आणि ज्याचे शेत झोडपले गेले त्यालाही तीच लागू होईल.