जुन्या चाकूचे वय कसे काढावे?

जुन्या बाजारात घडीचा चाकू हातात घेतला की विकणारा हमखास सांगतो, ‘शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, अस्सल विलायती.’ मूठ शिंगाची असते, पाते काळवंडलेले असते, आणि ते खरे असावे अशी घेणाऱ्याचीही मनातून इच्छा असते. पण काळवंडणे म्हणजे वय नव्हे. साध्या पोलादाच्या पात्याने कैरी कापून ते न पुसता ठेवले तर एका रात्रीत ते ‘शंभर वर्षांचे’ दिसू लागते. कैरीतले टॅनिन आणि पात्यातले लोह यांचा संयोग होऊन काळा पदार्थ तयार होतो. हिरड्याची काळी शाई करण्यामागेही हीच रासायनिक क्रिया असते.

मग वय काढायचे कसे? चाकूचीच उलटतपासणी घ्यायची. या लेखात उदाहरणासाठी इंग्लंडमधील शेफील्ड गावचे चाकू घेऊ. एक तर ते हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर येत, त्यामुळे आजही कुणाच्या फडताळात एखादा सापडू शकतो. आणि दुसरे म्हणजे, कायदा, रसायन आणि धातुविद्या या तिन्हींच्या खुणा त्यांच्यावर उमटलेल्या आहेत.

आधी रचना पाहू. आपल्याकडे बोरू तासायला चाकू लागे, तसा तिकडे पिसाची लेखणी तासायला लागे. म्हणून छोट्या घडीच्या चाकूचे इंग्रजी नावच पेननाइफ पडले. पात्याचा धार नसलेला, मुठीत शिरणारा जाड भाग म्हणजे त्याचे बूड. ते एका खिळ्याभोवती फिरते. मुठीच्या पाठीला पोलादाची लांब पट्टी असते, ती म्हणजे स्प्रिंग. पाते उघडताना बूड या पट्टीला वाकवते आणि पूर्ण उघडल्यावर पट्टी परत सरळ होऊन बुडाला दाबून धरते. ‘टक्’ असा आवाज येतो तो तेव्हा. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना धातूच्या पातळ पट्ट्यांचे अस्तर असते आणि त्यावर शिंग, हाड, शिंपला असे काही बसवलेले असते.

आपला मुख्य साक्षीदार म्हणजे बूड. शेफील्डच्या चाकू कारागिरांच्या संघाला १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. कारागिराला संघाकडून स्वतःची खूण मिळे आणि ती तो पात्याच्या बुडावर ठोके. जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याची खूण होती तारा आणि माल्टाचा क्रूस. वॉस्टेनहोम यांची खूण ‘आय एक्स एल’ ही तीन इंग्रजी अक्षरे. ती भरभर वाचली की ‘मी सरस आहे’ असा अर्थ होतो. खूण लोकप्रिय झाली की नकला आल्याच. जर्मनीतील झोलिंगेनच्या मालावर शेफील्डचे नाव पडू लागले, तेव्हा शेफील्डच्या लोकांनी ओरड केली. मालाच्या मूळ स्थानाविषयी खोट्या खुणा करण्यावर ब्रिटनमध्ये १८८७ साली कायद्याने बंधन आले.

मात्र कालनिर्णयाला खरा उपयोगी पडतो तो अमेरिकेचा एक कायदा. १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे सक्तीचे केले. अंमल १८९१ च्या मार्चपासून सुरू झाला. त्यामुळे बुडावर ‘शेफील्ड’च्या जोडीला ‘इंग्लंड’ असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. पण ‘इंग्लंड’ नसेल तर? तर काहीही सिद्ध होत नाही. तो चाकू आधीचा असेल, किंवा नंतरचा पण अमेरिकेसाठी न बनवलेला असेल. एखादी खूण असणे हा पुरावा ठरतो, नसणे हा पुष्कळदा ठरत नाही. विद्यार्थ्यांना हा फरक समजावण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

दुसरी खूण राजाच्या नावाची. काही कारखाने बुडावर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे ठोकत. ‘डब्ल्यू. आर.’ म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. ‘जी. आर.’ दिसले की संग्राहकाचे डोळे चमकतात, कारण चौथा जॉर्ज १८३० साली वारला. पण पाचवा जॉर्ज १९१० साली गादीवर आला आणि सहावा १९३६ साली! म्हणजे एकाच अक्षरजोडीत शंभर वर्षांची चूक दडलेली असू शकते. त्याच बुडावर ‘इंग्लंड’ही असेल तर हा जॉर्ज विसाव्या शतकातला, हे शाळकरी मुलगाही सांगेल.

अगदी नेमके वर्ष सांगणारा एकच प्रकार मला माहीत आहे : फळे कापायचा चांदीचा चाकू. पोलादाने फळ काळे पडते म्हणून श्रीमंत लोक चांदीच्या पात्याचा घडीचा चाकू बाळगत. चांदीची शुद्धता तपासणारे कार्यालय शेफील्डमध्ये १७७३ साली सुरू झाले. तपासलेल्या चांदीवर सिंह, गावाची खूण म्हणून मुकुट (ही १९७४ पर्यंत होती) आणि दरवर्षी बदलणारे एक अक्षर ठोकले जाई. अक्षराचे वळण तक्त्याशी ताडून पाहिले की वर्ष मिळते. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही असे.

आता पोलादाकडे वळू. काही जुन्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असे असते. ते वाचून पाते साच्यात ओतलेले असावे असे वाटते, तसे नसते. पूर्वी लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत कित्येक दिवस तापवून पोलाद करत. कर्ब बाहेरून आत शिरे, त्यामुळे कांबीची कड कठीण आणि गाभा मऊ राही. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. त्याने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ हे पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली. वितळल्यावर कर्ब सगळीकडे सारखा पसरला. शेफील्डच्या कारागिरांनी मात्र ते फार कठीण म्हणून आधी नाकारले. त्यामुळे हंट्समनने आपला माल फ्रान्सला विकला आणि त्याचे फ्रेंच चाकू बाजारात आल्यावर शेफील्डकरांचे डोळे उघडले, असे सांगतात.

मुशीत पोलाद करण्याची कला दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. युरोपीय लोक या पोलादाला ‘वुट्झ’ म्हणत. कानडीतील ‘उक्कु’ या शब्दावरून ते नाव आले असावे असे मानतात. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर प्रयोग केले आणि १७९५ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद ‘मुंबईत बनवलेले’ असे म्हटले आहे! नमुने मुंबईहून आले म्हणून पोलाद मुंबईचे, असा हा हिशेब. खुणेवरून घाईने निष्कर्ष काढणारे रॉयल सोसायटीतही होते म्हणायचे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या निबंधातली गंमत वेगळीच आहे. पोलादाची परीक्षा कशी घेतली? जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकू कारागिराला त्यातून एक पेननाइफ घडवायला सांगितले. ते पोलाद जास्त तापवले तर हातोड्याखाली तडकते, म्हणून त्याने अंधारात जेमतेम लाल दिसेल इतक्याच उष्णतेला ते घडवले. धार उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. वुट्झने स्टोडार्टला असे वेड लावले की पुढे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातीत हे हिंदुस्थानी पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादाहून आपल्याला पसंत असल्याचे छापले. नंतर वुट्झचे रहस्य शोधण्यासाठी मायकेल फॅरेडे यांनी याच स्टोडार्टबरोबर काम केले. १८२० आणि १८२२ साली त्यांचे निबंध निघाले. विजेच्या शोधांनी अमर झालेल्या फॅरेडे यांची ही चाकूवाल्याबरोबरची भागीदारी आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती.

फॅरेडे आणि स्टोडार्ट यांनी पोलादात क्रोमियमही मिसळून पाहिले होते, पण अगदी थोडे. १९१३ च्या ऑगस्टमध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद करून पाहिले आणि ते आम्लाला दाद देत नाही असे त्यांच्या लक्षात आले. बंदुकीपेक्षा चाकूसुऱ्यांना याचा उपयोग अधिक, हे त्यांनी ओळखले. पण इथेही कारागिरांनी आधी नाकेच मुरडली. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट या चाकू कारखान्यातल्या माणसाने व्हिनेगरने ते तपासून पाहिले आणि ‘स्टेनलेस’ हा शब्द रूढ केला. म्हणजे बुडावर ‘स्टेनलेस’ असलेला चाकू १९१३ च्या आधीचा असूच शकत नाही. विकणारा काहीही सांगो.

मुठीची परीक्षा भिंगाने करावी. सांबराच्या शिंगाला फार मागणी असे, कारण ते भरीव असते. ते हिंदुस्थानातूनच जाई (आता ती निर्यात बंद आहे). शिंगावरचे खड्डे आणि उंचवटे अनियमित असतात. त्याची नक्कल करण्यासाठी हाडावर खाचा पाडत. त्या जरा जास्तच सारख्या दिसतात. हाडात रक्तवाहिन्यांच्या छिद्रांचे काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंतात ते नसतात. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. अर्थात हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे, तेव्हा ती ओळख घरातल्या जुन्या वस्तूपुरतीच. रेषा सरळ, समांतर आणि सारख्या अंतरावर असल्या तर तो हस्तिदंताचे सोंग घेतलेला सेल्युलॉइड. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला की शंका उरत नाही. तापलेली सुई टोचून पाहण्याची जी युक्ती काही जण सांगतात ती मात्र वर्गात कधीही करू नये. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. ते भडकन पेटते. मुठीच्या टोकांना चकचकीत पांढरा धातू असतो तो बहुधा जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नावालाही नसते.

पात्यावर भिंग धरले की बारीक रेघा दिसतात, त्या घासणाऱ्याच्या साणेच्या. या रेघांना मी खुणांमध्ये सर्वांत वरचे स्थान देतो, कारण त्यांमागे माणसे आहेत. पाते घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा असे तीन वेगळे कारागीर असत. घासणारा वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर ओणवा बसे. शेफील्डचे डॉक्टर आर्नल्ड नाइट यांनी १८३० साली नोंदवले की कोरड्या दगडावर काटे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरतात, कोरड्या व ओल्या दोन्ही दगडांवर वस्तरे घासणारे ४० ते ४५ व्या, आणि पाणी सोडलेल्या दगडावर जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० च्या दरम्यान. खिशातल्या चाकूची पाती घासणारेही यातून सुटले नव्हते.

जे. एच. अब्राहम यांनी १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर चुंबकाचे उपकरण काढले. चाकाजवळ चुंबक ठेवायचे, ते पोलादाचे कण ओढून घेईल. कल्पना सुरेख होती आणि तिचा गौरवही झाला. पण फुप्फुसे निकामी करणारी धूळ मुख्यतः दगडाची, म्हणजे सिलिकाची होती, आणि सिलिकाला चुंबक ओढत नाही. शिवाय कारागिरांनी ते उपकरण वापरलेही नाही. धोका कमी झाला तर या कामात माणसांची गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, अशी भीती त्यांना वाटे. हे वाचताना अंगावर काटा येतो. पुढे धूळ ओढून नेणारे पंखे आले आणि एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९० च्या दशकात सिलिकॉन कार्बाइड तयार केल्यावर वालुकाश्माला पर्याय मिळत गेला. मध्य प्रदेशातील मंदसौरमध्ये पाटीवरची पेन्सिल कापणाऱ्या मजुरांनाही हाच सिलिकोसिस झाला, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता संग्रहाविषयी. नवा संग्राहक चाकू घरी आणला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तो चमकवणे. पॉलिशच्या चाकावर दोन मिनिटे धरला की गंज जातो, साणेच्या रेघा जातात, बुडावरची अक्षरे पुसट होतात, आणि मग आपण वर पाहिलेली सारी उलटतपासणी अशक्य होते. साक्षीदाराची जीभच कापली जाते म्हणा ना! शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, मऊ फडके आणि सांध्यातली घाण काढायला बांबूची काडी, एवढे पुरे. लाल गंज पसरू द्यायचा नाही, पण राखाडी-निळसर झाक तशीच राहू द्यायची. शेफील्डचे केन हॉली हे हत्यारांच्या दुकानाचे मालक. त्यांनी नुसती हत्यारे जमवली नाहीत, तर अर्धवट घडवलेल्या वस्तू आणि कारखान्यांच्या माहितीपुस्तिकाही जमवल्या. त्यांचा संग्रह आज तेथील केल्हम आयलंड संग्रहालयात आहे. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण प्रत्येक चाकूबरोबर एक चिठ्ठी ठेवता येते : कुठे मिळाला, कुणाचा होता, बुडावर काय लिहिले आहे, आणि वय ठरवले ते कोणत्या खुणेवरून.

सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू मात्र इतरांबरोबर एका डबीत ठेवू नये. जुना सेल्युलॉइड हळूहळू विघटन पावतो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते. मूठ चिरा पडून चुरू लागते आणि शेजारच्या चांगल्या पात्यांवरही गंज चढतो. असा चाकू वेगळा, गार जागी आणि हवा खेळती राहील असा ठेवावा.